शेवग्याखालचा बिडाचा पाट

बाबा,

तुमचा पाट शेवटी मशीनवर चढला. तुम्ही म्हणाला होतात, दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे खाऊ दे त्याला, मग फिनिश मारू. त्याला वीसेक वर्षं होत आली. आमच्याकडं कुणाला घाई नव्हती असं मी लोकांना सांगायचे. खरं सांगायचं तर हात लावायचा धीर नव्हता. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, खालून फासळ्या असलेला तो बिडाचा तुकडा मुकुंदवाडीच्या घरी न्हाणीजवळ शेवग्याखाली विटांवर पडून राहिला. तुम्ही त्याला सरफेस प्लेट म्हणायचात, जिच्यावर बाकीचे जॉब, म्हणजे मशीनवर केलेले तुकडे, ठेवून ते सरळ आहेत का वाकडे ते बघतात ती. आई त्याला पाट म्हणायची, आणि आपल्या घरात शेवटी आईचाच शब्द राहतो. आता मीही पाटच म्हणते. मी काम करते त्या शेडमध्ये परवा चुकून सगळ्यांसमोर म्हणाले, तर पोरं हसली.

तुम्हाला लिहायचं म्हणजे कुठून सुरुवात करावी कळत नाही, म्हणून तुमच्यावर चिडले होते त्या दिवसापासूनच करते. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. मशीन शॉपमध्ये एक लांब पातळ पट्टी मिलिंगवर करायला दिली होती. मी ती चांगली आवळून बांधली, कट मारला, बांधलेली असतानाच मोजली, एकदम सरळ. सरांनी सही केली. मी ती पट्टी ओढणीत गुंडाळून घरी आणली, कारण तुम्हाला दाखवायची होती. तुम्ही नुकते शिफ्टवरून आला होता, स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसून चहा पीत होता. पट्टी हातात घेतली, डोळ्यांपुढं धरली. उठून भिंतीवरचा आरसा काढला, जमिनीवर आडवा ठेवला, त्यावर पट्टी ठेवली आणि तिच्या एका टोकावर बोट दाबलं. टक. बोट उचललं, परत टक. ती पट्टी आरशावर एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखी डुगडुगत होती. माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "बांधल्यावर समद्यांचाच जॉब सरळ असतो, बाई. सोडल्यावर बघावं."

एवढंच. पण आई भाकरी थापता थापता थांबली, आणि मला असं झालं की तो आरसा उचलून फोडावा. जेवले नाही मी त्या दिवशी. मग तुम्हीच माझ्याशेजारी येऊन बसलात आणि स्वतःची फजिती सांगितली. कंपनीत नवीन असताना तुम्ही मशीनचा एक लांब बेड, म्हणजे खालची बैठक, असाच दाबून बांधला होता, सोडल्यावर तो धनुष्य झाला, आणि तुमच्या उस्तादांनी सगळ्यांदेखत टपली मारली होती. शहागंजातले म्हातारे उस्ताद. "दबाके सीधा करा तो छोड़ते-इच मुँह फेर लेता, बेटा." हे वाक्य सांगताना तुम्ही त्यांच्यासारखा घोगरा आवाज काढला आणि मला रागातही हसू आलं.

मग तुम्ही मला अंगणातल्या बाजेजवळ नेलंत. म्हणालात, ह्या बाजेची चौकट सरळ का उभी आहे, तर चहूकडून दोऱ्या तिला सारख्या ओढतात. एका बाजूच्या दोऱ्या काप, बघ कशी तिरपी होते. ओतलेल्या बिडात तशाच दोऱ्या असतात, दिसत नाहीत एवढंच. वरचं कातडं आधी थंड होतं, आत अजून गरम असतं. आतलं मागाहून थंड होऊन आक्रसायला बघतं, तर वरचं त्याला आक्रसू देत नाही. ती ओढाताण तशीच आत गोठून राहते. आपण मशीनवर वरचा थर काढतो म्हणजे दोऱ्याच कापतो. मग जॉब वाकतो, आणि आपण म्हणतो मशीन खराब आहे. म्हणून आधी जाड कट मारून घ्यायचा, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्तीचा माल ठेवायचा, आणि जॉब सोडून द्यायचा. त्याला काय वाकायचंय ते वाकू द्यायचं. भट्टी असेल तर भट्टीत घालायचा, नसेल तर ऊन-पाऊस खाऊ द्यायचा. नंतर बांधायचा तो हलक्या हातानं, आणि तीन पायांवर. चार पाय ठेवले की त्यातला एक खोटा असतोच, हे तुमचं आवडतं. मी आता शेडमध्ये रोज तेच सांगते, फक्त तुमचं नाव न घेता.

मग तुमची कंपनी बंद पडली. चिकलठाण्यातली ती शेड, जिथं दसऱ्याला तुम्ही मला खांद्यावर घेऊन शेपर, तुमचं लोखंड रंधणारं मशीन, दाखवायला न्यायचात. यंत्रांना झेंडूचे हार असायचे, आणि तुमच्या शेपरला तुम्ही स्वतः पुसून, तेल देऊन ठेवलेलं असायचं. आपण पूजा-बिजा करणारे नव्हतो, आई तर म्हणायची, हार कशाला, पण तुम्ही म्हणायचात की पूजा नाही, पाहुणचार आहे. कंपनीच्या शेवटच्या आठवड्यात ओतशाळेच्या ढिगात हा तुकडा नाकारलेला पडला होता, तो तुम्ही साहेबांना विचारून घेतलात आणि शेपरवर चढवलात. माझ्यासाठी. डिप्लोमा झाल्यावर माझ्या हाताखाली माझी स्वतःची सरफेस प्लेट असावी म्हणून. दुसऱ्यांच्या लेकींना लग्नात कपाट देतात, माझ्या बापानं बिडाचा पाट योजला होता. तो हातगाड्यावरून घरी आला, चौघांनी उतरवला, आणि त्या दिवसापासून तुम्ही परत कधी कामाच्या कपड्यात दिसला नाहीत.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात आणि आठवू नयेत असंही वाटतं. तुम्ही सकाळी उठून पाटाजवळ जाता. तळहात ठेवता, उन्हात तापलाय का, दवात गार पडलाय का बघता. शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, "काय हो, अंडी घालणाराय व्हय ते?" तुम्ही म्हणता, "आराम करतंय. लई राबलंय भट्टीत." सगळे हसतात, तुम्हीही हसता. मग घरात येऊन भिंतीकडं तोंड करून पडता. काम बघितलंत, पण पन्नाशीच्या शेपरवाल्याला कोण ठेवणार, शेपरच कुठं राहिले नव्हते. शेवटी एका बंगल्यांच्या कॉलनीच्या गेटवर खुर्ची मिळाली. तुम्ही कंपनीबद्दल एक शब्द काढला नाहीत. शिवी नाही, साहेबाचं नाव नाही, काहीच नाही. आई म्हणायची, बोला हो काहीतरी. तुम्ही म्हणायचात, काय बोलायचंय त्यात. माणसाला मी लोखंड म्हणणार नाही, असली गोड बोलणी तुम्हाला आवडत नसत. पण बाबा, तुम्ही एकदा तरी रडायला पाहिजे होतं. माझ्यासमोर नाही तर नाही, त्या शेवग्यासमोर रडायचं होतं. दुसरा पावसाळा लागायच्या आतच तुमच्या छातीत कळ आली आणि गेटवरच्या खुर्चीतून तुम्हाला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला अजून त्या खुर्चीचा राग येतो.

तुम्ही आईला बजावलं होतं की पाटाला तेल लावायचं नाही, गंजू दे, वरवरचा गंज फिनिशमध्ये निघून जातो. तिनं तुमचं सगळं ऐकलं, हे ऐकलं नाही. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या पौर्णिमेला विहारातून वंदना करून आली, पांढरं लुगडं तसंच होतं, आणि फोडणीच्या वाटीतलं करडीचं तेल घेऊन पाटाजवळ बसली. मी विचारलं तर म्हणाली, त्याचं अंग उलतंय. तेव्हापासून दर पौर्णिमेला. शेवग्याच्या शेंगा तोडायला आलेल्या बायकांना वाटायचं हा काहीतरी देव आहे. एकीनं तर हळद-कुंकू आणलं, आईनं तिला असं काही झापलं की ती परत आली नाही. करडीचं तेल उन्हात वाळतं आणि त्याचा चिकट पापुद्रा धरतो. थरावर थर बसून तुमचा पाट गुळाच्या ढेपेसारखा तांबूस-काळा झाला होता.

आता आईला कमी दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी डाव्या डोळ्यानं नुसता उजेड कळतो. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, तर मध्येच म्हणाली, पाट करून टाक. मी विषय टाळला. तिनं परत काढला. जेवताना, झोपताना, मी कामावर निघताना चपला घालत असले तरी. मला वाटायचं पाट हलवायला तीच नाही म्हणेल, आणि मी आपली तिच्या आडोशाला निवांत होते. तिनं आडोसाच काढून घेतला. शेवटी मी खरं कारण सांगितलं. म्हटलं, आई, त्यावर बाबांच्या कटाच्या रेघा आहेत. फिनिश मारला की त्या निघून जाणार. त्यांच्या हातचं दुसरं काय आहे आपल्याजवळ?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी उठून बघते तर ती पाटाजवळ बसून उलथन्यानं तेलाचा पापुद्रा खरवडतीये. मग मीही बसले. रॉकेलच्या चिंध्या, पत्र्याची पट्टी, दोघींचे हात काळे. पापुद्रा निघाला तसं खालचं बीड वर आलं, आणि बाबा, तुमच्या रेघा काल मारल्यासारख्या होत्या. नांगरलेल्या वावरासारख्या शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. गंज म्हणून नाही. तुमचं न ऐकून तिनंच त्या जपल्या होत्या. एका कोपऱ्यावर मात्र रेघ मध्येच थांबलेली दिसली. तिथं टूल उभं राहिल्याची खाच होती, आणि तिच्यापुढच्या रेघा केसभर सरकलेल्या. मी म्हटलं, हे काय झालं, बाबांचं असं कधी होत नाही. आईनं बोटानं ती खाच चाचपली आणि इतक्या वर्षांत न सांगितलेलं सांगितलं.

शेवटच्या दिवशी तुम्ही हा कोपरा करत होता, आणि कंपनीची लाईट तोडली. टूल जॉबच्या आतच अडकून राहिलं. तुम्ही मेन स्विचजवळ गेलात. तिथं आलेल्या माणसाला म्हणालात, थोडा वेळ चालू करा, एवढा कट होऊ द्या. तो नाही म्हणाला. तुम्ही हात जोडलेत. साहेबासमोर कधी मान न वाकवलेला माणूस, युनियनच्या गेट मीटिंगला पुढं उभा राहणारा, तुम्ही एका वायरमनसमोर हात जोडलेत, आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं स्विच वर केला. तुम्ही टूल परत लावून कोपरा पुरा केलात, पण ते पहिल्या जागी तंतोतंत बसलं नाही, म्हणून केसभर सरकलं. हे तुम्ही त्या संध्याकाळी आईला सांगितलंत आणि माझ्या कानावर घालू नको म्हणालात.

मी तिथंच पाटावर डोकं टेकलं. म्हटलं, आता तर मी ह्याला हात लावणार नाही. आई मला रागावली. लहानपणीसुद्धा कधी इतकी रागावली नव्हती. म्हणाली, "त्यायनं हात कशापायी जोडले? अर्ध्यात राहू नये म्हनून. अन् तू त्यायचं अर्ध्यातच ठेवायलीस?"

मी चिंधी उचलली आणि उरलेला पापुद्रा काढायला लागले. 

आमच्या शेडच्या मालकांना विचारलं, ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी घाला मशीनवर, त्यात काय विचारायचं. छोट्या टेम्पोतून पाट वाळूजला आला. फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर येणारे आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, ते आपणहून मदतीला थांबले. मी पाट तीन पायांवर ठेवला. क्लॅम्प हलक्या हातानं लावले, खाली जिथं फट होती तिथं कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे क्लॅम्पनं त्याला खाली ओढायला नको. ऑपरेटर म्हणाले, म्याडम, एवढं तर आपण कस्टमरच्या जॉबलाही करत नाही. मी म्हटलं, हा कस्टमर लई कडक आहे. आधी नुसता वरवरचा कट घेतला, रेघांची टोकं जेमतेम उडतील एवढा. मग केसाएवढी हालचालही दाखवणाऱ्या डायलचा काटा पाटाला टेकवला आणि एकेक क्लॅम्प सोडायला लागले.

तुम्हाला माहीत आहे, तो क्षण कसा असतो. पाना फिरवताना आपण नटाकडं बघतच नाही, काट्याकडं बघतो. खरं सांगते, मला वाटत होतं की काटा हलावा. थोडा तरी. हलला असता तर मी आईला सांगितलं असतं की अजून आतमध्ये ओढ शिल्लक आहे, अजून दोन उन्हाळे पाहिजेत, आणि पाट परत शेवग्याखाली नेऊन ठेवला असता. पहिला क्लॅम्प सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला मी थांबून पाण्याची बाटली तोंडाला लावली. तो सुटला तरी काटा जागचा हलला नाही. पाट पूर्ण मोकळा होता आणि जसा बांधलेला होता तसाच होता. तुमचं बोलणं खरं झालं होतं, आणि मी मशीनच्या पायथ्याशी खाली बसून हमसून हमसून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडले नव्हते, तेव्हा आईला सांभाळायचं होतं. ऑपरेटर काही न विचारता चहा आणायला बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं आले, टपरी कोपऱ्यावरच असताना.

मग शेवटचा कट मारला. कटर गार ठेवणारं कुलंटचं दुधट पाणी पाटावरून वाहत होतं आणि त्याखाली तुमच्या रेघा एका बाजूनं पुसल्या जात होत्या. मी नजर काढली नाही. कुणीतरी बघायला पाहिजे होतं. बीड आतून किती सुंदर असतं, करडं, बारीक दाण्याचं, ओल्या पाटीसारखं. मशीन थांबल्यावर ऑपरेटरनी वाकून बघितलं, फडक्यानं पुसलं, आणि म्हणाले, "म्याडम, कोपरा राहिला."

मी म्हटलं, कटर पोचत नाही तिथं. त्यांनी मशीनच्या टेबलाकडं बघितलं. त्या टेबलावर तुमच्या पाटाएवढे दोन पाट शेजारी शेजारी झोपले असते. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "व्हय, नसंल पोचत."

पाट घरी आणून आता शेवग्याखाली नाही, आत खिडकीजवळ टेबलावर ठेवलाय. आई त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि दोन्ही हात पसरून तिनं तो सगळा चाचपला, नातवंडाचं अंग चाचपतात तसा. लई गुळगुळीत झाला म्हणाली. आरशावानी. हात फिरत फिरत त्या कोपऱ्यावर गेला आणि थांबला. तिथं जेवणाच्या ताटाएवढी जागा उंच राहिलेली आहे, तुमच्या रेघांसकट, त्या खाचेसकट. मापाची पट्टी टेकवली तर तिथं अडते. तुमच्या हिशेबानं पाट बाद आहे, मला ते माहीत आहे, तुम्ही असता तर आरसा काढून आणला असता. आई म्हणाली, हे राहिलं. मी तिलाही तेच सांगितलं, कटर पोचत नव्हता. तिचं बोट खाचेत होतं, तिथंच राहिलं बराच वेळ. मग म्हणाली, "वाटीत तेल आन थोडं."

त्या दिवशी पौर्णिमा नव्हती. मी करडीचं तेल आणून दिलं आणि तिनं आधी कोपऱ्याला लावलं, मग बाकीच्या पाटाला.

हे लिहून झालं की मी त्याची घडी करून डायलच्या रिकाम्या डब्यात ठेवणार आहे. आईला वाचून दाखवणार नाही. तिला ठाऊक आहे असं मला वाटतं, पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, तर ते तसंच बरं. तुम्हाला मात्र सांगते.

कटर पोचत होता, बाबा.